तीन बोटांचं एकवचन

इंग्रजीत एकाहून जास्त वस्तू असल्या की शब्दाच्या शेवटी एस लावतात. एवढं एक वाक्य पोरांच्या डोक्यात उतरवायला मी तेहतीस वर्षं शाळेत गेले. निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाच्या फलकावर माझ्याच शाळेनं इंग्रजीत लिहिलं होतं की, या बाईंनी अनेक 'स्टुडंट' घडवले. एस नव्हता. रंगवणाऱ्याला बोलावून घ्यावं असं क्षणभर मनात आलं. मग म्हटलं, जाऊ द्या, तोही बहुधा माझ्याच वर्गातून गेलेला असणार.

परीक्षेत या विषयाला दोन गुण असायचे. प्रश्नाचं नाव 'चेंज द नंबर', म्हणजे वचन बदला. एका मुलीनं आपला परीक्षा क्रमांक खोडून शेजारणीचा लिहिला होता. नंबर बदला म्हटलं, तिनं बदलला. हसण्यासारखं त्यात काही नाही. आम्ही तिला तेवढंच शिकवलं होतं. गाइडमध्ये शेवटच्या पानांवर दोन रकाने असायचे. डावीकडे मॅन, उजवीकडे मेन. डावीकडे माऊस, उजवीकडे माइस. पोरं ते पाढ्यासारखं म्हणायची, आणि आम्ही मास्तरमंडळी डोळे मिटून ऐकायचो. माऊसचं माइस होतं तर हाऊसचं हाइस का नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: खाली बस.

माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले होते. पोलीस ॲक्शन झाली, कचेरीतली उर्दू गेली आणि चाळिशी ओलांडलेल्या त्या कारकुनाला इंग्रजी गिरवावी लागली. त्यांना हा एस म्हणजे पोरखेळ वाटायचा. ते सांगायचे, उर्दूत एक असतो तो वक्त, अनेक झाले की औकात. एक असते ती खबर, अनेक झाल्या की अखबार. आपल्या मराठीत बैल एक असो की दहा, बैलच. बोट मात्र एक आणि बोटं अनेक, फरक एका टिंबाचा. शिवाय मान द्यायचा झाला की आपण एकट्या माणसाला अनेकवचनात बसवतो. साहेब आले, साहेब बसले. आणि चिकलठाण्याच्या कारखान्यात बसमधून दोनशे माणसं उतरली तरी सुपरवायझर म्हणतो, लेबर आला.

दिगंबर माझ्या वर्गात होता तेव्हाची गोष्ट. तपासणीला एक अधिकारी आले. पोट सुटलेलं, कोटाला दोन पेनं. त्यांनी वर्गाला फर्निचरचं अनेकवचन विचारलं. वर्ग गप्प. त्यांनीच मग मोठ्या कौतुकानं सांगितलं, फर्निचर्स. हेडमास्तरांनी मान डोलावली. मीही गप्प बसले, कारण माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. दिगंबर उठून म्हणाला, फर्निचर शब्दाला एस लागत नाही. मोंढ्यात धान्याची पोती वाहणाऱ्या हमालाचा मुलगा, शर्टाची वरची गुंडी नाही, आणि अधिकाऱ्याला चूक सांगतोय. अधिकारी हसले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं की, या वर्गात शिस्त कमी आहे.

त्या दिवसापासून दिगंबर माझा लाडका झाला. गाइडच्या रकान्यांपलीकडचं जे काही मला येत होतं ते मी त्याला दिलं. बोर्डात त्याला इंग्रजीत शाळेतले सगळ्यांत जास्त गुण मिळाले. पुढं टायपिंग शिकून तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी आणि नोंदी ठेवणाऱ्या खात्यात, कारकून म्हणून लागला, तेव्हा पेढे घेऊन आला. शाळेत बाहेरचं कोणी आलं की मी त्याचं नाव सांगायचे. शिक्षकाची फुशारकी ही अशीच असते, दुसऱ्याच्या डोक्यावर उभं राहून केलेली.

आम्ही तेव्हा मुकुंदवाडीला राहायचो. घराच्या मागच्या दोन खोल्यांत कडूबा नावाचा कामगार बायको आणि दोन मुलींना घेऊन भाड्यानं राहत होता. गंगापूरकडचा. बाप अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत होता. हा घरातला पहिला माणूस, जो रोज एकाच ठिकाणी कामाला जायचा. दिगंबरच्याच कारखान्यात तो प्रेस शॉपला होता. मोटारींचे पत्र्याचे भाग तिथं ठोकून काढत. पत्रा साच्यात ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, मग वरून कित्येक टनांचा प्रेस खाली येतो. दोन बटणं अशासाठी, की प्रेस येताना दोन्ही हात बाहेर असावेत. पण दोन बटणं दाबण्यात वेळ जातो. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एक हात बटणावर, एक हात पत्र्यावर. माल दुप्पट निघत होता आणि साहेब लोक खूश होते.

कडूबाचा उजवा हात पत्र्यावर होता तेव्हा प्रेस खाली आला. अंगठ्याजवळची तीन बोटं गेली. उरला अंगठा आणि करंगळी.

दवाखान्यातून सुटल्यावर तो महिनाभर गावाकडं होता. परत आला त्याच आठवड्यात कारखान्याचा इंग्रजी कागद आला. तो माझ्याकडं आला आणि डाव्या हातानं कागद पुढं करत म्हणाला, "बाई, एवढं वाचून सांगता का? माझ्या हाताचं काय लिव्हलंय त्येच्यात?"

कागदात लिहिलं होतं की, उजव्या हाताची 'फिंगर इंज्युरी' बरी झाली आहे, डॉक्टरांनी तुम्हाला पूर्वीच्याच कामासाठी योग्य ठरवलं आहे. सात दिवसांत प्रेसवर हजर व्हा, नाहीतर नोकरी स्वतःहून सोडली असं समजू.

मी काय करावं? मी हसले. तीन बोटं गेलेल्या माणसासमोर मी हसले, कारण मला चूक सापडली होती. कोण्या गाढवानं एस गाळला होता. वह्या तपासत बसले होते, हातात लाल पेन होतं. सवयीनं मी त्या कागदावर फिंगरच्या पुढं एस लिहिला, खाली रेघ मारली आणि कडूबाला समजावलं की, यांनी तुझं एकच बोट गेलंय असं धरलंय, म्हणून परत मशीनवर बोलावतायत. तिथं माझा विद्यार्थी आहे, उद्या दुरुस्त करून घेते.

कडूबा कागदाकडं बघत म्हणाला, "एवढ्याशा वळवळीनं व्हतं का दुरुस्त?"

होतं, म्हणाले मी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कारखान्याच्या फाटकावर गेले आणि दिगंबरला बाहेर बोलावलं. समोरच्या टपरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्याला झाडलं. शाळेत पहिला आलास, फर्निचरचं अनेकवचन अधिकाऱ्याला शिकवलंस आणि तुला बोटांना एस लावता येत नाही? मला लाज वाटते, असंही म्हणाले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "बाई, ती चूक नाही. तुम्ही साहेबांना विचारा." अजून काहीतरी बोलायचं असल्यासारखा तो थांबला होता. पण मला पुढच्या बसनं घरी जायचं होतं, आणि उलट उत्तर ऐकायची मला सवय नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून कडूबाला घेऊन मॅनेजरकडं गेले. त्यांनी मला खुर्ची दिली. कडूबा उभाच. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी इंग्रजीतून सुरुवात केली, कारण मला दाखवून द्यायचं होतं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी कडूबाकडचा कागद मागून घेतला, माझ्या लाल एसवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही दुरुस्ती तुमची का?

मी अभिमानानं हो म्हणाले.

"मॅडम, आपण दात घासतो बत्तीस," ते म्हणाले, "पण ब्रशला टूथब्रशच म्हणतो. टीथब्रश म्हणत नाही. पाचही बोटं गेली असती तरी इंग्रजीत ती फिंगर इंज्युरीच. तुम्ही तर इंग्रजीच्या शिक्षिका."

इंग्रजीचा सराव नसणाऱ्यांसाठी सांगते: ते बरोबर होते. इंग्रजीत एक नाम दुसऱ्या नामाच्या आधी विशेषणासारखं उभं राहिलं की ते सहसा एकवचनातच राहतं. शूज विकणारं दुकान ते शू शॉप. त्या कागदात चूक नव्हतीच. चूक माझ्या लाल पेनानं केली होती. एका निर्दोष वाक्यात एका माणसाची तीन बोटं लपवली होती, आणि व्याकरणाच्या नावानं लपवणाऱ्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं.

पण माझे कान तापले ते त्यामुळं नाही. टूथब्रशचं उदाहरण माझं होतं. कुठल्याही गाइडमध्ये नसलेलं, मी स्वतः शोधलेलं, आणि आयुष्यात एकाच मुलाला सांगितलेलं. काचेपलीकडं टाइम ऑफिस दिसत होतं. दिगंबर टाइपरायटरवर वाकलेला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

तेव्हा कडूबा दोन पावलं पुढं आला आणि त्यानं उजवा हात टेबलाच्या काचेवर ठेवला.

"साहेब, इंग्रजीचं तुमचं तुम्ही बघा. मला मराठीत सांगा, ही किती हायेत, अन् किती नायत."

मॅनेजरांनी पेपरवेट जरासा बाजूला सरकवला. म्हणाले, कागद वर सरकारी कचेरीत गेलेला आहे, आता काही होत नाही. मशीनची भीती वाटत असेल तर राजीनामा दे. त्यांनी घंटी वाजवली. आम्ही बाहेर आलो. बसस्टॉपवर कडूबानं माझ्यासाठी बसला हात केला. माझ्यावर चिडला असता तरी बरं वाटलं असतं.

मुदत संपायच्या आत तो नाइलाजानं कामावर हजर झाला. आठ दिवसांनी, रविवारी दुपारी, तो चार माणसांना घेऊन दारात आला. सगळे प्रेस शॉपचे. कुणाची दोन बोटं नव्हती, कुणाची चार. वाळूजहून सायकल मारत आलेल्या एकाचा तर पंजाच निम्मा गेला होता. प्रत्येकाच्या हातात अपघाताच्या नोंदीची कार्बन प्रत होती. पाच नोंदी, पाच वेगळ्या महिन्यांतल्या. पाचही कागदांवर तेच शब्द: फिंगर इंज्युरी. कुठंही आकडा नाही. टायपिंग स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. असं टायपिंग कुणाचं हे मला सांगायची गरज नव्हती.

कागद कुठून आणले, असं मी विचारलं. कडूबा म्हणाला, मिळाले. मी पुढं विचारलं नाही. मी व्याकरण बघत होते.

आता डाव कळला. फिंगर इंज्युरी म्हटलं की किरकोळ. सरकारी माणूस मशीन बघायला येत नाही, पाचर दिसत नाही. पाच माणसांची मिळून चौदा बोटं त्या दोन शब्दांत पुरली होती आणि वरून व्याकरणाचा दगड ठेवला होता.

त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं पत्र लिहिलं, आणि ते मराठीत लिहिलं. कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीला. एक अलंकार नाही, एक विनवणी नाही. माणसाचं नाव, कोणता हात, कोणती बोटं, किती, आकड्यात आणि अक्षरात. बटणातल्या पाचरीबद्दल एक वाक्य. सुरुवात 'आम्ही' या शब्दानं. पाच जणांनी सह्या केल्या. कडूबानं डाव्या हातानं. सही करताना तो म्हणाला, "शाळेत डाव्या हातानं लिव्हलं की मास्तर मारायचे. आता कोण मारतंय."

मी त्याला म्हणाले, सावकाश करा. त्याआधी तीन वर्षं मी त्याला तू म्हणत होते. आपल्याहून दोनच वर्षांनी लहान असलेल्या, दोन मुलींच्या बापाला. माझा नवरा बँकेतल्या शिपायालाही तुम्ही म्हणायचा. मी मात्र व्याकरणाची बाई.

महिन्याभरानं तपासणीचे अधिकारी आले. बारीक अंगाचे, मितभाषी गृहस्थ. त्यांनी इंग्रजी कागद बाजूला ठेवले, पाचही जणांना रांगेत उभं केलं आणि हात पुढं करायला सांगितले, असं कडूबानं मला सांगितलं. पाचर आदल्या दिवशी काढली होती, पण घाईत काढणाऱ्यानं बटणाच्या कडेला तिचे व्रण तसेच ठेवले होते. ते त्यांनी पाहिले. त्यानंतर प्रेसला दोन्ही बटणं चालू झाली, पुढं जाळी बसली. कडूबाला स्टोअरमध्ये काम मिळालं. त्या वाळूजवाल्याला फाटकावर बसवलं. राहिलेले तिघं दुसऱ्या शॉपला गेले. गेलेली बोटं गेलीच, पण त्या प्रेसवर पुढं कुणाचं बोट गेल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेलं एकमेव उपयोगाचं काम ते, आणि त्यासाठी इंग्रजी लागली नाही.

मॅनेजरांचं काय झालं? काही नाही. साहेबांचं काही होत नसतं. त्यांची बदली होते. कारखान्यानं सरकारला लेखी कळवलं की, नोंदींतली संदिग्धता ही टाइम ऑफिसातल्या कारकुनाच्या कच्च्या इंग्रजीमुळं झाली, त्याला कामावरून कमी केलं आहे. शाळेत इंग्रजीत पहिला आलेल्या माणसाला इंग्रजी येत नाही म्हणून काढलं.

ही बातमी कळली तेव्हा मला समाधान वाटलं. लपवून काय करायचं? चांगली अद्दल घडली, असंच वाटलं. नंतर दोन दिवसांनी संध्याकाळी दिगंबर घरी आला. दार मीच उघडलं. तो पायरीच्या खालीच उभा राहून म्हणाला, "बाई, तुमच्याशी बोलायचं होतं."

मी म्हणाले, "टूथब्रश घेऊन आला असशील. ठेव आणि जा." आणि दार लावून घेतलं. वाक्य मला फार आवडलं होतं. पुढं कितीतरी दिवस मी ते शिक्षकांच्या खोलीत सांगत होते, आणि सगळे हसत होते.

त्यानंतर मी वर्गात रकाने पाठ करून घेणं बंद केलं. पोरांना बाकं मोजायला लावायचे, खिडक्या, चपला, एकमेकांची बोटं. मोजलं की मग एस. निकाल खाली आला. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं की, तुम्ही वर्गात मोजणी कसली करता, तुमचा विषय गणित आहे का? दोन वर्षांत मी पुन्हा गाइडवर आले. मी काही क्रांती वगैरे केलेली नाही.

निवृत्तीनंतर चारेक वर्षांनी कडूबा आले होते. थोरल्या मुलीच्या घरभरणीचं सांगायला. केस पांढरे, पोट थोडं सुटलेलं, चहाचा कप अंगठा आणि करंगळीत इतका सराईत धरलेला की बघणाऱ्याला कळूही नये. बोलता बोलता त्या कागदांचा विषय निघाला. मी म्हणाले, तुम्ही पाचही जणांनी कागद जपून ठेवले होते म्हणून झालं.

"आमच्याकडं कुठले कागद, बाई?" ते म्हणाले. "आम्हाला कवा दिलेच नाय. ते दिगंबररावांनी फायलीतून काढून आणून दिले. भर दुपारच्या सुट्टीत, कँटीनमधी. म्हणले, बाईंकडं न्या, त्या बराबर वाचतील. अन् माझं नाव सांगू नका म्हणले. त्यांचं नाव नाय सांगितलं म्या इतकी वर्षं. आता काय, तुम्ही बी रिटायर, म्या बी रिटायर."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुधा पोहे घ्या म्हणाले असेन.

दिगंबरचा पत्ता शोधायला दोन आठवडे लागले. वाळूजला, कामगारांच्या वसाहतीत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचा टायपिंगचा क्लास होता, आता कॉम्प्युटरचा झालेला. मी जिना चढून गेले तेव्हा तो दहा-बारा मुलामुलींना अर्ज कसा लिहायचा ते सांगत होता. डोक्यावरचे केस गेले होते. मला पाहून उठला, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मुलांना म्हणाला, या माझ्या बाई.

मुलं गेल्यावर मी सरळ विचारलं. टूथब्रश तूच सांगितलास का साहेबांना?

हो, म्हणाला. नवीन होतो. साहेबांनी विचारलं, आकडा न घालता लिहिता येईल का. मला येत होतं, म्हणून मी सांगितलं. मला वाटलं हुशारी आहे. पहिल्या कागदाला असंच वाटलं. चौथ्या-पाचव्याला झोप लागेना.

मग तेव्हा बोलला का नाहीस, मी म्हणाले. फाटकाबाहेर टपरीवर उभे होतो. कागद दिलेस त्यानंतर माझ्या दारातही आला होतास.

त्यानं माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि खिडकीत ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"तुम्ही विचारलं कुठं, बाई? टपरीवर तुम्ही मला फक्त एसचं विचारलंत. आणि दारात तर काहीच नाही."